प्रतिष्ठान : गोदातीरीचे एक नगर आणि देशभाषा

परमार्गातील साधकास स्थानाचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चार साधनांत स्थानाची गणना प्रथम आहे. परंतु स्थानवंदन करून आलेल्या आपल्यापैकी कितीकांस त्या गावाची नदी, तेथील वाट, तेथील बाजार व तेथील माणसे यांविषयी चार वाक्ये सांगता येतील, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारून पाहावा. लीळा घडली ती अंतराळात नव्हे. ती कोणा एका गावात, कोणा एका देवळाच्या पटिशाळेवर, कोणा एका भाषेत घडली. गावाचे ज्ञान नसेल तर लीळेचा अर्थही अर्धाच हाती लागतो.

ह्या दृष्टीने प्रस्तुत पाठात पैठण ह्या गावाचा विचार करावयाचा आहे. आपल्या मनात ह्या गावाविषयी एक जुना सल आहे व तो अकारण नाही. बाइसांची भेट जेथे झाली ते हेच गाव, आणि स्वामींना प्रश्न करणारी सभा जेथे भरली तेही हेच गाव. तेव्हा अशा गावाकडे साधकाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी गाव नीट पाहू.

१. नदी आणि भूमी

पैठण हे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील तालुक्याचे गाव असून जिल्ह्याच्या नगरापासून दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटर अंतरावर, गोदावरीच्या उत्तर तीरावर वसलेले आहे. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावलेली गोदावरी नाशिक, कोपरगाव ह्या मार्गाने पूर्वेकडे येते. पैठणच्या वरच्या अंगास प्रवरासंगम येथे तिला प्रवरा मिळते. दोन्ही नद्यांनी सह्याद्रीचे पाणी आणि गाळ आणून ह्या टापूत काळ्या मातीचे रुंद पट्टे घातले आहेत. जुने गाव नदीकाठच्या उंच पांढरीवर आहे. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीने साचलेली माती. शेतकरी काळी आणि पांढरी असा जो भेद करतो, तो पैठणास एका दृष्टिक्षेपात दिसतो : भोवती पिकणारी काळी, मध्ये नांदणारी पांढरी.

आपल्या ग्रंथांतून गोदावरीस बहुधा ‘गंगा’च म्हटले आहे, हे वाचकांस ठाऊक आहेच. आचारबंदाच्या भाष्यात महाराष्ट्राची मंडळे सांगताना गंगेच्या उभय तीरांचा प्रदेश हे एक स्वतंत्र मंडळ मानले आहे. नदी येथे सीमा नाही. दोन्ही काठ मिळून एकच देश होतो, आणि तो देश भाषेने ओळखला जातो. स्वामींनी महाराष्ट्रात राहण्याची जी आज्ञा केली, तिच्या अर्थाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

२. वाटा आणि बाजार

प्रतिष्ठान हे नाव फार जुने आहे. पाली सुत्तनिपातात गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरी नामक ब्राह्मणाचे शिष्य उत्तरेकडे निघाले, त्यांच्या वाटेवरील गावांत पतिट्ठान, माहिष्मती, उज्जयिनी ही नावे क्रमाने येतात. म्हणजे दक्षिणेची वाट जेथे गोदावरी ओलांडून उत्तरेस वळते, त्या ठिकाणी हे नगर उभे होते. नदीचा उतार, वाटेचा फाटा आणि काळी जमीन ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या की तेथे बाजार बसतो. बाजार बसला की राजा येतो, आणि राजा आला की त्याच्या मागोमाग विद्या येते. पैठणचा इतिहास याच क्रमाने घडलेला आहे.

सातवाहनांची ही राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या सागरी प्रवासाच्या पुस्तकात पैठण हे भडोचच्या दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे, आणि तेथून गोमेदासारखे मौल्यवान दगड मोठ्या प्रमाणात, अवघड मुलखातून गाड्यांवर लादून भडोच बंदरात येतात अशी नोंद केली आहे. पैठणच्या पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर, म्हणजे आजच्या तेर गावाचाही त्यात उल्लेख आहे. दुसऱ्या शतकातील टॉलेमी ह्या भूगोलकारास पैठण पुळुमावी राजाची राजधानी म्हणून माहीत होते. निजामी राज्याच्या पुरातत्त्व खात्याने १९३७ साली येथे उत्खनन केले व सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष उजेडात आणले.

भडोच आणि पैठण यांमधील ही वाट आपल्या दृष्टीने विशेष मननीय आहे. भडोचहून निघालेले व्यापारी ज्या दिशेने येत, त्याच दिशेने, बाराशे वर्षांनंतर, भडोचच्या प्रधानाचे राजवैभव त्यागून स्वामी ह्या देशी आले. व्यापारी रत्ने घेऊन जावयास येत. स्वामी मात्र काहीही बरोबर न घेता आले आणि येथील भाषा त्यांनी आपली केली.

३. शिलेवरील बोली आणि गाथेची बोली

कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यांत स्तंभांवर दानाचे लेख कोरलेले आहेत. त्यांतील एक स्तंभ पतिठानच्या, म्हणजे पैठणच्या, गांधिक कुळातील मितदेव नामक गृहस्थाने दिला आहे. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आपल्याकडील गंधी. ह्या माणसाने आपले नाव संस्कृतात कोरविले नाही. जी बोली दुकानात व घाटावर चालत होती, त्या प्राकृतातच त्याने आपले दान नोंदविले. सातवाहन राजांचे नाणेघाटातील व नाशिकच्या लेण्यांतील लेखही प्राकृतातच आहेत. त्या काळी राजा आणि गंधी एकच भाषा लिहीत होते, ही लहान गोष्ट नव्हे.

हाल सातवाहनाच्या नावे प्रसिद्ध असलेली ‘गाथासप्तशती’ ही महाराष्ट्री प्राकृतातील सातशे गाथांचा संग्रह आहे. तिच्यात राजसभेपेक्षा खेड्याचे जीवन अधिक आहे : शेत राखणारे, वाटसरू, पावसाची वाट पाहणाऱ्या स्त्रिया, आणि पुनःपुन्हा येणारी गोदावरी, जिला गाथाकार ‘गोला’ म्हणतात. विषय शृंगाराचा असल्याने साधकास तो ग्राह्य नाही, हे खरे. तथापि भाषेच्या इतिहासात त्या ग्रंथाचे स्थान नाकारता येत नाही. आजच्या मराठीची वंशवेल ज्या महाराष्ट्री प्राकृताशी जोडली जाते, तिचे हे मोठे लेणे आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या मागणीच्या मुळाशी जे पुरावे मांडले गेले, त्यांत गाथासप्तशती होती आणि आपले लीळाचरित्रही होते.

येथे शालिवाहन शकाविषयी एक खुलासा करणे अवश्य आहे. पैठणच्या कुंभाराच्या घरी वाढलेल्या शालिवाहनाने मातीच्या सैन्यात प्राण घातले व शत्रूस जिंकून शक सुरू केला, अशी कथा लोकांत रूढ आहे. इ. स. ७८ पासूनच्या ह्या कालगणनेस शालिवाहनाचे नाव मात्र कित्येक शतकांनंतर जोडले गेले, असे इतिहास सांगतो. कथेचा मान कथेस द्यावा व इतिहासाचा इतिहासास. दोहोंची सरमिसळ अभ्यासकाने करू नये.

४. सभेचे नगर

सातवाहन गेले, परंतु नगराचे तेज सरले नाही. पुढे विद्या हेच त्याचे धन झाले. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा शके ७१६ चा, म्हणजे इ. स. ७९४ चा ताम्रपट पैठण येथेच सापडला. यादव राजा रामचंद्र याचा शके ११९३ चा ताम्रपटही पैठणचाच. हे दोन्ही लेख दानाचे असून संस्कृतात आहेत. पितळखोऱ्याच्या गंध्याची बोली आता राजपत्रातून मागे सरली होती. लोकांचा व्यवहार देशभाषेत आणि धर्माचा निर्णय संस्कृतात, अशी विभागणी पक्की झाली, आणि ह्या विभागणीचा सर्वांत मोठा गड म्हणजे पैठण. धर्मशास्त्राचा प्रश्न कोठेही उत्पन्न झाला तरी पैठणच्या ब्रह्मवृंदाचे मत आणावे अशी रीत पडली.

वारकरी परंपरेत निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणास आली असे सांगतात, ते याच कारणाने. गोदाकाठच्या नागघाटावर रेड्यामुखी वेद वदविल्याची त्यांची कथा तेथेच घडली असे मानले जाते. कथेचा शब्दार्थ कोणी कसाही घेवो, तिचा रोख स्पष्ट आहे : ज्ञानाचा अधिकार पत्राने मिळतो काय, असा प्रश्न तिने सभेपुढे ठेवला.

५. भोगनारायण ते सभा

ह्याच सभेच्या नगरात स्वामी आले ते कोणाचे पत्र घेण्यासाठी नव्हे. एकांकातील अटन सरून पैठणास बाइसांची भेट झाली आणि लीळाचरित्राच्या पूर्वार्धास आरंभ झाला. भोगनारायणाच्या देवळातील अवस्थान आपण सर्व जाणतो. येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, पंडितांच्या ह्या नगरात स्वामींच्या सन्निधानाचा पहिला अखंड लाभ ज्यांस झाला, त्या बाइसा म्हणजे एक वयस्क स्त्री. शास्त्राच्या सभेत त्यांना आसन नव्हते. परंतु त्यांनी विचारलेले साधे प्रश्न आणि स्वामींनी तशाच साध्या बोलीत दिलेली उत्तरे आज शास्त्र होऊन बसली आहेत.

पैठणचे सगळेच पंडित विमुख होते असेही नव्हे. सारंगपंडितांसारखा विद्वान गृहस्थ स्वामींच्या ठायी अनुसरत होता, त्याच्या लीळा पाठात आहेत. म्हणून ‘पैठणकर’ असा सरसकट दोष कोणास देणे हे लीळाचरित्राच्याच साक्षीस धरून होणार नाही. उत्तरार्धाच्या अखेरीस जी सभा भरली व पुढे जे घडले, त्याचे वर्णन येथे करीत नाही. तो प्रसंग वाचताना आपणा सर्वांचे अंतःकरण भरून येते. केवळ इतके म्हणावयाचे की, एकाच गावात, थोड्या वर्षांच्या अंतराने, बाइसांचा ओटाही होता आणि प्रश्न करणारी सभाही होती. नगर एकच. ज्ञान आपणांपाशी आहे असे मानणारे एका बाजूस बसले, आणि ज्ञान मागणारे दुसऱ्या बाजूस.

स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर हाच प्रश्न आपल्या मार्गातही उभा राहिला. स्मृतिस्थळातील प्रसंग प्रसिद्ध आहे. केशोबासांसारखा संस्कृतज्ञ शिष्य संस्कृतात ग्रंथरचना करू इच्छीत असता नागदेवाचार्यांनी त्यांस आवरले, कारण त्यामुळे मार्गातील म्हाताऱ्या बाया स्वामींच्या वचनास मुकतील. आचार्यांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी कोण असेल? बाइसांसारख्याच कोणी तरी असतील, असे मानावयास हरकत नाही. त्या एका नकाराने पैठणच्या सभेस जे उत्तर मिळाले, ते वादविवादाने मिळाले नसते. शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनी सिद्ध केलेले लीळाचरित्र मराठीत झाले, आणि मराठी गद्याचा पाया घातला गेला.

६. त्यानंतरचे पैठण

यादवांचे राज्य लयास गेल्यावर सुमारे दोनशे वर्षांनी, १५३३ साली, पैठण येथेच एकनाथांचा जन्म झाला. त्यांचा संप्रदाय निराळा व आपला निराळा, तरी भाषेच्या बाबतीत त्यांनी केलेले कार्य ह्या गावाच्या अभ्यासात वगळता येणार नाही. त्यांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती मिळवून पाठशुद्धी केली. हस्तलिखितांची ताडातोड करून शुद्ध पाठ ठरविण्याचा मराठीतील हा फार जुना प्रयत्न आहे, आणि पाठभेदांशी नित्य झगडणाऱ्या आपल्या अभ्यासकांस त्याचे मोल वेगळे सांगावयास नको. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची टीका १५७३ साली काशीस पूर्ण झाली. मराठीत असा ग्रंथ रचल्याबद्दल तेथील पंडितांनी प्रथम आक्षेप घेतला व पुढे सन्मान केला, असे परंपरा सांगते. म्हणजे पैठणच्या मराठीस काशीच्या सभेपुढे उभे राहावे लागले. १५९९ साली एकनाथांनी देह ठेवला, त्या फाल्गुन वद्य षष्ठीस आजही पैठणास मोठी यात्रा भरते.

मुनिसुव्रतनाथांच्या मंदिरामुळे पैठण हे जैनांचेही तीर्थ आहे. शिवाय गावाचे नाव देशोदेशी नेले ते पैठणीने. रेशमाचा ताणा, जरीचा पदर आणि त्यावर मोर, पोपट, कमळ, आसावली असे विणकामातच काढलेले आकार हे तिचे लक्षण. प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीने हाताने गुंफून पुढच्या धाग्यात अडकविलेला असल्यामुळे पदर उलटसुलट दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. पेशव्यांच्या व निजामाच्या घराण्यांचा तिला आश्रय होता. आज मागांची मोठी वस्ती नाशिक जिल्ह्यातील येवले येथे असली, तरी वस्त्राचे नाव पैठणचेच राहिले आहे. जाडेभरडे वस्त्र अंगीकारणाऱ्या भिक्षुकास पैठणीचे प्रयोजन नाही, परंतु आतबाहेर सारखे असण्याचा तिचा गुण मात्र घेण्यासारखा आहे.

७. नाथसागर

पैठणच्या भूगोलात सर्वांत मोठा पालट आपल्याच काळात झाला. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी झाली व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्‌घाटन केले. धरणाची जागा प्रथम बीड जिल्ह्यातील जायकवाडी येथे योजिलेली होती. जागा बदलून पैठणास आली, नाव मात्र तेच राहिले. सुमारे १० किलोमीटर लांबीच्या ह्या मातीच्या धरणास २७ दरवाजे आहेत. दोन्ही कालव्यांनी मराठवाड्याच्या मोठ्या कोरडवाहू प्रदेशास पाणी दिले, आणि अनेक गावांची व उद्योगांची तहान त्यावर भागते. जलाशयावर हिवाळ्यात दूरदेशींचे पक्षी उतरतात. १९८६ साली तेथे पक्षी अभयारण्य घोषित झाले.

ह्याच पाण्याखाली शंभराहून अधिक गावांची जमीन किंवा घरे गेली. त्या गावांचे पार, देवळे, विहिरी, बांध सारे गेले. एखाद्या कडक उन्हाळ्यात पाणी खाली उतरले की जुन्या गावठाणांच्या काही खुणा उघड्या पडतात आणि विस्थापितांची म्हातारी माणसे त्या पाहावयास जातात. उलट २००६ च्या ऑगस्टमध्ये धरणातून मोठा विसर्ग सोडावा लागला तेव्हा पैठणच्या सखल भागात पुराचे पाणी शिरले. नदी बांधली गेली तरी ती नदीच आहे, हे गावास त्या वेळी पुन्हा कळले.

ह्या पालटातून साधकाने एक बोध घ्यावा. दगडाचे चिरंजीवित्व गृहीत धरता येत नाही. देऊळ पडते, घाट बुजतो, गाव पाण्याखाली जाते. आपल्या पूर्वाचार्यांनी हे ओळखले होते. म्हणूनच स्थानपोथीत गाव, देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेस, ओटा कोणत्या अंगास, अशा बारीक खुणा लिहून ठेवल्या. भक्तीने केलेला हा भूगोलच होय. आजच्या वासनिकाने आपल्या परिसरातील स्थानाची जर तशीच नोंद केली, दिशा, अंतर, जवळचा ओढा, जुन्या माणसांनी सांगितलेले नाव हे सर्व लिहिले, तर ती मोठी सेवा होईल.

८. आपला प्रश्न

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. पैठणकडे कोणत्या दृष्टीने पाहावे?

पैठणच्या सभेचा दोष विद्येत नव्हता. संस्कृत विद्या थोरच आहे, आणि आपल्या मार्गातही तिचे उत्तम जाणते झाले. दोष होता तो विद्येस कुंपण घालण्यात. ज्याला समजत नाही त्याला समजावून सांगण्याऐवजी, न समजणे हीच त्याची योग्यता असे ठरविण्यात तो होता. सभेस हा दोष लावताना आपण आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. यादव सत्तेच्या अस्तानंतरच्या धामधुमीत आपल्या पूर्वजांनी सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्या योजून ग्रंथांचे रक्षण केले. काळ तसा होता, आणि ते रक्षण झाले म्हणूनच आज ग्रंथ आपल्या हाती आहेत. त्यांचे हे ऋण फिटणारे नाही. परंतु काळ पालटल्यावरही कित्येक शतके ती कुलुपे तशीच राहिली, हेही खरे. विसाव्या शतकात वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी लिपीचा उलगडा केला, आणि नेने, कोलते, तुळपुळे आदी संपादकांनी ग्रंथ छापून काढले, तेव्हा मराठी भाषकांस आपल्याच भाषेचे आद्य गद्य प्रथम वाचावयास मिळाले. म्हाताऱ्या बायांसाठी लिहिलेला ग्रंथ त्यांच्या नातींच्या नातींपर्यंत पोहोचावयास इतका काळ लागला.

आज लिपी मोकळी आहे. श्रीप्रभूंच्या रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. पण दुसरे एक कुलूप अद्याप आहे. ते जुन्या शब्दांचे व आपल्या आळसाचे. वासनिकाने लीळेतील शब्दाचा अर्थ विचारला असता, ‘ते शास्त्र आहे, तुम्हांस कळावयाचे नाही’ असे उत्तर ज्या दिवशी आपण देतो, त्या दिवशी आपणही सभेत जाऊन बसतो. आणि ज्या दिवशी एखाद्या आजीस तिच्या बोलीत सूत्राचा अर्थ उलगडून सांगतो, त्या दिवशी भोगनारायणाच्या ओट्यापाशी उभे राहण्याची काही योग्यता आपल्या ठायी येते. पैठणास जावे, गंगेच्या काठी उभे राहावे, मनातील सल बाजूस ठेवून स्थानास दंडवत घालावे, आणि परतताना हा विचार बरोबर आणावा.

मननासाठी

१. आपल्या गावाजवळील एका स्थानाची नोंद स्थानपोथीच्या पद्धतीने, दिशा व खुणांसह, लिहून काढा.
२. पितळखोऱ्याच्या लेखाची भाषा आणि पैठणच्या ताम्रपटांची भाषा यांतील फरकावरून लोकव्यवहार व राजव्यवहार यांविषयी काय दिसून येते?
३. नागदेवाचार्यांनी केशोबासांस संस्कृत रचनेपासून का आवरले? त्या आज्ञेचा आजचा अर्थ काय?
४. बाइसांच्या कोणत्याही एका लीळेतील पाच जुने शब्द निवडून त्यांचा अर्थ घरातील वडीलधाऱ्या स्त्रीस तिच्या बोलीत सांगा. तिने विचारलेला प्रश्न लिहून ठेवा व पुढील भेटीत आपल्या गुरुजनांपुढे मांडा.

दंडवत.